ट्यूनरकाकांची हत्यारं

तार तुटली तेव्हा काकू स्वयंपाकघरात भांडी पुसत होत्या. बार उडावा तसा आवाज झाला. धावत बाहेर आल्या तर काका पियानोसमोर उभे, हातात खुंट्या आवळायची किल्ली आणि गालावरून रक्ताची बारीक रेघ.

"स्वर उतरला होता गं," ते म्हणाले. "जरा चढवत होतो."

स्वर काही उतरला नव्हता. सकाळपासून ते तीच खुंटी आवळत होते, आवळलेली विसरत होते आणि पुन्हा आवळत होते.

उभ्या हयातीत या माणसाने दुसरं काम केलं नव्हतं. शाळा, नाट्यगृह, हॉटेलं, मोठ्या लोकांचे बंगले, जिथे जिथे पियानो होता तिथे सूर लावायला काकांनाच बोलावणं यायचं. त्यांचं खरं नाव पोस्टमनलाही ठाऊक नसावं. सगळ्यांचे ते ट्यूनरकाका. हत्यारं त्यांना त्यांच्या उस्तादांकडून मिळालेली, म्हणजे काकांपेक्षाही वयाने मोठी. काळ्या लाकडाच्या मुठीची किल्ली, ठोकला की मूळ सूर देणारा पोलादी चिमटा म्हणजे ट्यूनिंग फोर्क, तारा दाबून धरायच्या लाकडी पाचरी, फेल्टच्या लोकरी पट्ट्या. सगळं एका चामडी गुंडाळीत. किल्लीच्या मुठीवर अंगठा टेकायच्या जागी खळगा पडला होता. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा गमतीने म्हणायच्या, "माझी सवत ती. माझ्याआधी घरात आलेली."

मग काका विसरायला लागले. आधी गिऱ्हाइकांची नावं, मग ओळखीच्या घरांचे रस्ते, मग फोनवरचा लेकीचा आवाज. हात मात्र काहीच विसरले नव्हते, आणि पंचाईत तीच होती.

"डोळा थोडक्यात वाचला," गालाला टाके घालताना डॉक्टर म्हणाले.

घरी येऊन काकूंनी गुंडाळी तांदळाच्या डब्यात दडवली. काकांनी घर डोक्यावर घेतलं. कपाटं उपसली, गाद्या उलथल्या, आणि संध्याकाळी दाराशी बसून लहान मुलासारखे रडायला लागले. "लोक वाट बघतायत माझी. मी रिकाम्या हाताने कसा जाऊ?" काकूंना ते बघवेना. त्यांनी तांदूळ झटकून गुंडाळी त्यांच्या हातात दिली. त्याच आठवड्यात दुसरी तार तुटली.

"आई, काढून टाक ती हत्यारं घरातून," लेक फोनवर म्हणाली. "लपवून भागायचं नाही."

"काढून टाक म्हणजे? फाटकी चप्पल आहे का ती?"

"नाही गं. माझ्या ओळखीतले एक गृहस्थ आहेत. दातांचे डॉक्टर होते, आता निवृत्त झालेत. जुनी हत्यारं जमवतात, जिवापाड जपतात. त्यांना ये म्हणू?"

काकू म्हणाल्या, "ये म्हण. पण हे झोपलेले असताना."

दातांचे डॉक्टर दुपारी आले. गुंडाळी सोडून त्यांनी एकेक वस्तू खिडकीतल्या उजेडात धरली. "खरं सांगतो काकू, कामाला घ्यायची तर आता नवी, हलकी किल्ली मिळते. हिची किंमत हिच्या म्हातारपणाची. अशी मूठ आता कुणी करत नाही." त्यांनी आकडा सांगितला. काकूंनी मनाशी धरला होता त्याहून कितीतरी मोठा होता, पण आनंद काही होईना.

तेवढ्यात काका उठून बाहेर आले. काकांनी पाहुण्यांना "बसा, बसा" म्हटलं आणि किल्ली उचलली. अंगठा खळग्यात बरोबर बसला.

"काय देखणं हत्यार आहे! कुणाचं हे?"

डॉक्टरांनी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "आहेत एक ट्यूनर."

"विकतोय?"

"हो. आता होत नाही त्यांच्याच्याने काम."

"अरेरे." काका खरोखर हळहळले. "पण विचारलंस ना त्याला? नाहीतर घरचे लोक परस्पर विकून मोकळे होतात."

काकूंना वाटलं, धरणी दुभंगावी. "विचारलं," त्या म्हणाल्या.

"मग? काय म्हणाला?"

"म्हणाले, चांगल्या हातात जाऊ दे."

काकांनी मान डोलावली. एकेक वस्तू तिच्या तिच्या कप्प्यात सरकवली, गुंडाळीची वादी बांधली आणि दोन्ही हातांनी डॉक्टरांपुढे धरली. "मूठ कोरडी पडू देऊ नका. अधूनमधून तेलाचं बोट फिरवा. माणूस नीटनेटका होता हो, वस्तू बघूनच कळतं."

डॉक्टर दारापर्यंत गेले आणि थांबले. चष्मा काढून पुसू लागले. "काकू, माझ्याने नेववत नाहीत. राहू द्या तुमच्याकडेच."

"न्या," काकू म्हणाल्या. "आज नेली नाहीत तर उद्या मला देववणार नाहीत."

त्या संध्याकाळी काकू जीव मुठीत धरून बसल्या होत्या. आता शोधतील, आता रडतील. काकांनी चहा घेतला आणि खिडकीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशीही विचारलं नाही, नंतरही कधी नाही. याचसाठी तर सगळं केलं होतं, तरी काकूंना यापेक्षा ते शोधणं, ते रडणं बरं वाटायला लागलं.

थंडी पडली तसा पियानोचा सूर उतरत गेला. लेक म्हणाली, दुसरा ट्यूनर बोलावू. काकूंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पियानो पुसताना एकदा त्यांचं बोट एका पट्टीवर पडलं आणि असा फाटका आवाज निघाला की त्या दचकल्या. एवढ्याशा बेसूरपणासाठी काका पूर्वी भरल्या ताटावरून उठायचे. काकूंनी वळून पाहिलं. मुद्दाम तीच पट्टी पुन्हा दाबली.

काका खिडकीत बसून त्यांच्याकडेच बघत होते. चेहऱ्यावर परक्या घरी गेल्यावर असतं तसं अदबीचं हसू होतं.

"छान वाजवता हो तुम्ही," ते म्हणाले.

जन्मभर ते काकूंना 'अगं' म्हणत आले होते. काकू पियानोच्या बाकावर टेकल्या. फडकं मांडीवर ठेवलं आणि, पियानो कधी शिकल्या नव्हत्या तरी, एका बोटाने वाजवू लागल्या. काका ऐकत होते. जेवणाची वेळ टळून गेली तरी काकू उठल्या नाहीत.