कॉलेजं किती?

घरची माणसं तिला मोजपट्टी म्हणायची ती काही उंचीमुळे नव्हे. लहानपणी ती जिन्याच्या पायऱ्या, दाराबाहेरच्या चपला आणि दादाच्या थापा मोजून ठेवायची. मोठी झाल्यावर शिक्षण खात्याने याच खोडीचा पगार द्यायला सुरुवात केली. आता खात्याला तिच्याकडून एवढंच हवं होतं, की डोंगराच्या या बाजूला अठरा किलोमीटरच्या एकाच रस्त्यावर पाच कॉलेजं कशासाठी? दोनशेच्या आत मुलं असतील तर कॉलेज बंद, असा नवा नियम निघाला होता, आणि पाचांपैकी एकातही नव्वदच्या वर मुलं नव्हती. म्हणजे उत्तर आधीच ठरलेलं होतं. कोणीतरी जाऊन ते लिहून आणायचं, इतकंच काय ते बाकी होतं.

अडचण अशी, की पाचांतल्या सर्वांत लहान कॉलेजची प्राचार्य तिची सख्खी वहिनी होती. तिने हे साहेबांच्या कानावर घातलंही. "माझी मेव्हणी त्याच्या पुढच्या कॉलेजात आहे," साहेब म्हणाले, "आणि बाकी कोणी तिकडे जायला तयार नाही. नातं पहिल्या पानावर लिहा आणि निघा."

तिने नातं लिहिलं, आणि मुक्काम दादाच्या घरी न करता बसस्टँडसमोरच्या लॉजवर केला. वहिनी फुरंगटली. "लोक म्हणतील, नणंदेला घरात घेत नाही. तुला तरी बरं दिसतं का?"

पहिल्या दिवशी सकाळी ती आगाऊ न कळवता पहिल्या कॉलेजात जाऊन थडकली. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत तेवीस मुलं होती. त्यातल्या एका मुलीचा डावा हात प्लास्टरमध्ये होता आणि प्लास्टरवर कोणीतरी शाईने मिशीवालं मांजर काढलं होतं. मांजर झकास होतं, त्यामुळे ते लक्षात राहिलं. दुपारी ती तिसऱ्या कॉलेजात पोचली, इतिहासाच्या वर्गात मागच्या बाकावर टेकली, आणि पाहते तर पुढच्या बाकावर तेच मांजर.

तिच्या मनात पाल चुकचुकली. तपासणीच्या दिवशी इकडची पोरं तिकडे बसवून पट फुगवायचा, हा प्रकार तिला नवा नव्हता. पण तेवढ्यात ती मुलगी उठून सरांशी हुज्जत घालू लागली.

"सर, काल तुम्ही म्हणालात, राजाने कर माफ केला. मग आज लोक बंड कशाला करतात?"

सर खूश झाले आणि फळ्याकडे वळले. मोजपट्टी मात्र त्या 'काल'पाशीच अडकली. उसनी आणलेली पोरं मान खाली घालून बसतात, हुज्जत घालत नाहीत. आणि ती स्वतःच काल रात्री उशिरा लॉजवर उतरली होती; त्याआधी तपासणीचं कोणाला ठाऊकच नव्हतं. मग ही पोरगी काल इथे काय करत होती?

हा प्रश्न तिला रात्रभर चावत राहिला. दुसऱ्या दिवशी यादीतलं कॉलेज बाजूला ठेवून तिने सकाळी अकराची बस पकडली. बस मुलांनी खच्चून भरलेली होती. मांजरवाली उभ्याउभ्याच वही चाळत होती. आणि तिसऱ्या रांगेत खिडकीपाशी, मांडीवर खडूचा डबा घेऊन, साक्षात वहिनी बसली होती.

मोजपट्टी शेजारी जाऊन बसली. "तुझ्या वेळापत्रकात आत्ता गणिताचा तास आहे."

"आहेच," वहिनी म्हणाली. "कुठल्या कॉलेजात, ते वेळापत्रकात लिहिलेलं नाही." मग तिने एक मोठा सुस्कारा सोडला. "सापडले बाई तुझ्या तावडीत. विचार काय विचारायचं ते."

मोजपट्टीने विचारलं आणि वहिनीने सांगून टाकलं. तीन वर्षांपूर्वी तिच्याकडचे भौतिकशास्त्राचे सर सोडून गेले आणि जागा भरलीच नाही. शेवटच्या वर्षाची नऊ मुलं लटकली. तिने त्यांना या बसने पहिल्या कॉलेजात पाठवलं आणि बदल्यात तिथे गणित शिकवायला स्वतः जाऊ लागली. मग तिसऱ्यानेही हात पुढे केला, मग चौथ्याने. आता पाचही कॉलेजांची घंटा बसच्या वेळा बघून वाजते. नियमाप्रमाणे मुलाने आपल्याच कॉलेजात बसायचं आणि मास्तरांनी आपल्याच कॉलेजात शिकवायचं. हा नियम इथे कोणीही, एकही दिवस पाळत नव्हतं.

"कोणाला विचारून केलंत हे?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. मग कशाला विचारायचं?"

पुढचे तीन दिवस मोजपट्टी त्याच बसने वरखाली हिंडली. कोण कुठे चढतं, कुठे उतरतं, काय शिकतं, सगळं तिने टिपलं. इतकं मन लावून तिने कित्येक वर्षांत काही मोजलं नव्हतं. मौज अशी की जितकं मोजावं तितकं ते गणित चोख बसत होतं. फक्त अहवालात ते कसं घालायचं, हे सुचत नव्हतं. खरं लिहावं तर पाचही कॉलेजांनी नियम मोडलेला. लपवावं तर पाचही दोनशेच्या आत. दोन्हीकडून कुलूपच.

पाचव्या दिवशी संध्याकाळी ती कागद घेऊन दादाच्या घरी गेली. वहिनीच्या माघारी लिहिणं तिला जमेना. दादाने चहा टाकला आणि शहाण्यासारखा आत निघून गेला.

"माझ्यासाठी खोटं लिहू नकोस," वहिनी आधीच म्हणाली.

"नाही लिहीत." मोजपट्टीने तिसऱ्या चौकटीवर बोट ठेवलं. 'या भागातील महाविद्यालयांची संख्या.' तिथे तिने पहिल्याच दिवशी, काही न बघता, ५ लिहून टाकलं होतं. आता तिने त्यावर काट मारली आणि शेजारी १ लिहिलं. खाली लिहिलं, मुलं तीनशे एकेचाळीस, वेळापत्रक एक, इमारती पाच.

वहिनीने ते दोनदा वाचलं. तीनशे एकेचाळीस म्हणजे नियमाच्या कितीतरी वर. तिचा चेहरा उजळला, आणि मग हळूहळू उतरला. गणिताची बाई ती, तिला पुढची पायरी दिसायला कितीसा वेळ लागणार.

"म्हणजे प्राचार्यही एकच."

"हो."

"पाचांत मी सर्वांत धाकटी."

"हो, वहिनी." ही युक्ती जिची, तिचीच खुर्ची मोजपट्टीने आत्ता आपल्या हाताने काढून घेतली होती. "तू नको म्हणालीस तर मी पुन्हा पाच लिहिते."

अकरा वर्षं वहिनी त्या खुर्चीत बसली होती. तिने चहाचा कप बाजूला सारला, कागद पुन्हा जवळ ओढला आणि त्या १ कडे, विद्यार्थ्याचं उत्तर तपासावं तसं पाहिलं.

"अक्षरी पण लिही," ती म्हणाली. "नुसता आकडा ठेवलास तर वरती कोणालातरी वाटेल, चुकून पडलाय."