बंकटनं फिरवलेले टायर

भाऊबीजेच्या दिवशी दुपारी मी केजच्या स्टँडबाहेर जीप लावून उभा होतो. मागची सीट भरायची राहिली होती. तेवढ्यात बंकटचा फोन आला. बंकट माझा मेहुणा, रतनचा धाकटा भाऊ. नेकनूरला रोडवर त्याचं पंक्चरचं दुकान आहे. माझी बायको रतन त्यालाच ओवाळायला निघाली होती, आमच्या लेकाच्या, परमेश्वरच्या गाडीत.

"दाजी, तुमी निघा," बंकट म्हणाला.

"काय झालं?"

"गाडी पलटी झाली. पुलाच्या अलीकडं."

दोघं कशी आहेत, असं मी विचारलं. तो एवढंच म्हणाला, "परमेश्वर बरा हाय."

तेव्हा मला कळलं. मी प्रवाशांना उतरायला सांगितलं. एक बाई म्हणाली, "कावून ओ, आत्ताच तर बसलो." मी म्हणालो, "माझी बायको गेली." ती गप उतरली. टपावर तिचं बोचकं होतं, ते मी खाली काढून दिलं आणि निघालो.

आमच्याकडं सवाशीण गेली की शेवटची साडी माहेरची लागते. बंकटनं ती आणली. नवीन होती, हिरवी. ओवाळणीत घालायला म्हणून त्यानं बहिणीसाठी आधीच घेऊन ठेवली होती. दुसरी आणायला वेळ नव्हता आणि दुसरी कशाला आणायची, असं सगळेच म्हणाले. तीच तिच्या अंगावर घातली.

परमेश्वर पुण्याला एका शेठच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. शेठची जुनी लाल गाडी त्यानं पगारातून फेडून घेतली होती. दोनच दारं, जमिनीला टेकलेली. आमच्या रस्त्यावर ती शोभत नव्हती. गावातली पोरं तिच्याबरोबर फोटो काढायची. रतनला मात्र त्या गाडीत बसून माहेरी जायची हौस होती. पाडव्याला बंकट तिला न्यायला मोटरसायकलवर आला, तर ती म्हणाली, "आज न्हाई येत. उद्या येते, लेकाच्या गाडीत. तुझ्या बायकोला दारात उभी राहायला सांग."

अपघातानंतर तिसऱ्या दिवशीही परमेश्वर जेवत नव्हता. कपाळाला टाके होते, हात गळ्यात होता. लोक भेटायला यायचे आणि ओसरीवर बसून त्याला ऐकू जाईल असं बोलायचे. आमच्या भावकीतला राधाकिशन तर म्हणाला, "असल्या गाड्या शर्यतीला असत्यात. आईला माहेरी न्यायला न्हाई." परमेश्वरनं ऐकलं. वर बघितलं नाही.

मी त्याला विचारलं, "लई पळवत व्हता का?"

"न्हाई आबा. तुमच्या जीपएवढीच व्हती. रातच्या पावसाचं पाणी रोडवर साचलं व्हतं. ब्रेक बी मारला न्हाई. गाडी एकदम पाण्यावर तरंगल्यावानी झाली. स्टेरिंग हलकं झालं."

"मग?"

"मग काय. मीच चालवत व्हतो ना."

त्याच्यावर केस झाली होती. हयगयीनं गाडी चालवून आईच्या मरणाला कारण झाला म्हणून.

रतनची पिशवी गाडीत राहिली होती. ती आणायला मी पोलीस ठाण्यात गेलो. गाडी मागच्या आवारात, चाकांवर उभी होती. टप दबला होता. हवालदारानं दार ओढून दिलं. पिशवीत ओवाळायचं ताट होतं, करंज्या होत्या, त्यांचा चुरा झाला होता. मी वाकून पिशवी काढली, उठलो आणि पुढच्या चाकाकडं लक्ष गेलं. ड्रायव्हरची नजर तिकडं जातेच. टायरची नक्षी जीपच्या टायरसारखी नव्हती. मधून दोन्ही बाजूंना तिरप्या खाचा गेलेल्या. बाजूला रबरात एक बाण उठवलेला होता आणि पुढं इंग्रजीत काहीतरी. चाक ज्या बाजूनं फिरतं, त्याच्या उलटा तो बाण होता. मी चारही चाकं बघितली. चारही बाण उलटे होते.

पाडव्याच्या दुपारी मी फेरी करून घरी जेवायला आलो, तेव्हा बंकट अंगणात जॅक लावून बसला होता. लाल गाडीचे पुढचे टायर जास्त झिजले होते, मागचे बरे होते. भाच्यानं मामाला नुसतं दाखवलं होतं. मामानं लगेच पाने काढले.

"असं ठिवलं तर पुढचे दोन होळीलाच जातील बे," बंकट परमेश्वरला म्हणाला. "फिरवून घे, सारखे झिजत्यात. पुढचं उजवं मागं डावीकडं, मागचं उजवं पुढं डावीकडं. क्रॉस. मामाची पद्धत हाय."

रतन चहा घेऊन आली. "बघ रं बंकट, तू हात लावला की लेकाची गाडी बैलगाडी व्हायची."

"आक्के, तुझ्या नवऱ्याच्या जीपचे टायर किती साल झाले मी फिरवतो. कधी पडली का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी जेवत होतो. मी म्हणालो, "पडायला आधी पळावी लागती." ती हसली. हे आमचं शेवटचं एकत्र हसणं.

जीपचे टायर क्रॉसच फिरवतात. ट्रॉलीचे, टेम्पोचे पण. बंकटकडं येणाऱ्या कुठल्याच गाडीच्या टायरला बाण नसतो.

बीडला मोठ्या टायरच्या दुकानात मी फोनवरचा फोटो दाखवला. मालक तरणा होता, नीट बोलला. म्हणाला, "काका, असे टायर बाजू बदलत नसतात. उजवे उजवीकडंच, पुढचे मागं आणि मागचे पुढं. बाजू बदलायची तर टायर रिमवरून काढून परत बसवावा लागतो."

"उलटा लागला तर?"

"कोरड्या रोडवर एवढं कळत न्हाई. पाण्यात मात्र त्या खाचा पाणी बाहेर फेकत्यात. उलट्या झाल्या की नीट फेकत न्हाईत. त्यात टायर झिजलेले. गाडी पाण्यावर चढते."

"म्हंजे त्याच्यानंच पलटी झाली?"

त्यानं फोन माझ्या हातात परत दिला. "ते मला सांगता यायचं न्हाई काका. नवे सरळ लागलेले टायर बी कधी कधी घसरत्यात."

मी घरी आलो आणि काही बोललो नाही. गाडीची तपासणी करून आरटीओचे साहेब लिहून गेले होते की ब्रेक, स्टेरिंग ठीक आहे. बाणाकडं कोणी बघितलं नव्हतं.

तेराव्याला बंकट टॉवेल-टोपी घेऊन आला. बायको गेलेल्या माणसाचा दुखवटा तिच्या माहेरच्यांनी काढायचा असतो. पाटावर बसवून त्यानं माझ्या डोक्यावर टोपी घातली. त्याच्या बोटांच्या रेघांत काळं ग्रीस होतं, ते आंघोळीनं जात नाही. तो टोपी नीट करत राहिला, बराच वेळ. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. कसा ठेवला, मला माहीत नाही.

जेवणं झाल्यावर लोक पांगले. ओसरीवर आम्ही तिघंच राहिलो. परमेश्वर म्हणाला, "आबा, कोर्टात उभं केलं की मी सरळ हो म्हणणार हाय. माझ्या हातून मेली म्हणणार."

"येडा झाला का बे," बंकट म्हणाला. "नोकरी जाईल, लायसन जाईल. आत बी जाशील. वकील बघू. गाडीतच काय तरी बिघाड व्हता म्हणू."

"गाडीत काय बी न्हवतं मामा. आदल्या दिशी तुमी सवता बघितली. टायर फिरवून दिलते."

"ते बी खरं हाय," बंकट म्हणाला आणि डोळे पुसले. "मी एकूण एक नट आवळला व्हता. मला बी तेच कळंना झालंय."

दोघंही माझ्याकडं बघत होते. बोलायची वेळ तीच होती. परमेश्वरचं ताट कोपऱ्यात तसंच झाकून ठेवलेलं होतं. बंकटच्या मागं त्याची बायको आहे, दोन लेकरं आहेत आणि बहीण एकच होती. एकाला सोडवायचं तर दुसऱ्याला त्या पाण्यात ढकलावं लागतं, आणि टायरवाला तर म्हणतो की सांगता येत नाही.

"आबा, तुमी काय म्हणता?" परमेश्वरनं विचारलं.

मी म्हणालो, "आधी जेव."

तो जेवला नाही. उठून आत गेला आणि भिंतीकडं तोंड करून पडला. बंकट त्याच्या उशाशी जाऊन बसला, त्याच्या केसांतून हात फिरवत. अंधार पडायच्या आत नेकनूरला पोचायचं म्हणून मग तो निघाला. जाताना म्हणाला, "दाजी, पोराकडं ध्यान ठिवा. मी हाय."

सोमवारी मला ठाण्यात जबाबाला बोलावलं आहे. गाडी अजून त्याच आवारात उभी आहे. टायरचं मी परमेश्वरला सांगितलेलं नाही, आणि बंकटलाही सांगितलेलं नाही.