डबीतल्या सतरा काती

मी एक जुनी पेपरमिंट कोळंबी आहे. जुनी म्हणजे तीन वर्षांची. हसू नका मित्रांनो, आमच्या जातीत तीन वर्षं म्हणजे काठी टेकायचं वय. माझ्या अंगावरचे लाल पट्टे आता फिकटले आहेत आणि तुटलेली मिशी पूर्वीसारखी झटकन उगवत नाही. तरीही मला कुणी सुकट म्हटलेलं अजून खपत नाही. इस्लामपुरात माझ्या स्वागताला पहिला शब्द आला, तो मात्र हाच होता.

माझा जन्म केरळच्या किनाऱ्यावर, कोळंबी वाढवणाऱ्या एका नर्सरीत झाला. भावंडं इतकी होती की आईला आमची नावं ठेवायला सवडच मिळाली नाही. थोडी मोठी झाल्यावर आम्हा तिघींना पाण्याच्या पिशवीत घातलं, पिशवी थर्माकोलच्या खोक्यात ठेवली आणि खोकं रेल्वेत चढवलं. सांगलीपर्यंत रेल्वे, पुढे एसटी. एसटीच्या धक्क्यांनी माझ्या दोन्ही बहिणी वाटेतच गेल्या. मी एकटी पोचले. त्या दोघींची आठवण अजून येते.

मला मागवणारा वसीम. इस्लामपुरात त्याचं काचेचं दुकान आहे. खिडक्यांच्या काचा कापता कापता तो माशांच्या टाक्या बांधायला शिकला आणि पुढे त्यातच रमला. त्याने मला ज्या घरी पोचवलं, ते घर शालूबाईंचं.

शालूबाई घरात एकट्याच राहतात. त्यांचा मुलगा जयराज नौदलात आहे, कोचीला. आपल्या आईने साठ वर्षांत समुद्र पाहिला नाही, ही गोष्ट त्याच्या मनाला लागून राहिली होती. त्यांना कोचीला न्यायचं म्हटलं की शालूबाई म्हणत, "म्हशीकडं कोण बघंल?" म्हणून एका सुट्टीत त्याने वसीमकडून चार फुटी टाकी बांधून घेतली, त्यात समुद्री मिठाचं पाणी केलं, दगड रचले आणि क्लाउनफिशची एक जोडी सोडली. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले ते दोन मासे पाहून शालूबाई म्हणाल्या, "मुंडावळ्या बांधल्यागत दिसत्यात." तेव्हापासून त्यांचं नाव नवरानवरी. त्या जोडीत नवरीच दांडगी आहे आणि नवरा तिच्या मागे मागे फिरतो, हे कळल्यावर तर शालूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. रोज सकाळी त्या चहाची कपबशी घेऊन टाकीसमोर बसत आणि म्हशीच्या दुधापासून शेजारणीच्या सुनेपर्यंत सगळं त्या जोडीला सांगत. एकट्या घरात तेवढीच त्यांची बोलायची जागा होती.

पुढची हकिकत मी येण्याआधीची आहे. ती मला टाकीतल्या शंखवाल्या खेकड्याने सांगितली. हा खेकडा तिखटमीठ लावण्यात पटाईत आहे, पण हे त्याने खरं सांगितलं असं मला वाटतं.

नवा दगड आणला होता, त्याच्या फटीत एक दिवस तपकिरी, काचेसारखं फूल उमललं. शालूबाईंना कोण आनंद! त्यांनी शेजारणींना बोलावून ते दाखवलं आणि रोज त्याच्यापुढे माशांच्या खाद्याचे दोन दाणे जास्त टाकले. ते फूल नव्हतं. तो फुलासारखा दिसणारा डंखाचा प्राणी होता. वसीम त्याला ऐप्टेशिया म्हणतो. शालूबाई नंतर त्याला अवदसा म्हणू लागल्या आणि मला तेच नाव आवडतं. एकाच्या पाच अवदसा झाल्या, पाचाच्या वीस. मग शालूबाईंनी पदर खोचला. जन्मभर उसात खुरपणी केलेली बाई ती! चिमटा आणि बोथट सुरी घेऊन त्यांनी टाकीतही खुरपणी केली. तोडलेल्या प्रत्येक तुकड्यातून नवी अवदसा उगवली. महिन्याभरात दगड दिसेनासे झाले. नवरानवरीची निजायची, अंडी घालायची सपाट शिळा चारी बाजूंनी वेढली गेली. डंख सोसेनात म्हणून ती दोघं पंपाजवळच्या कोपऱ्यात अंग चोरून राहू लागली आणि त्यांचं खाणं कमी झालं.

जयराजचा फोन आला. "आई, मी जत्रंला येतोय. तवर हे आटोक्यात आलं न्हाई तर टाकी बंद करू. मासं वसीमला परत देऊ. जीव जाण्यापरीस ते बरं."

त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. पण त्या दिवशी शालूबाईंचा चहा कपात तसाच गार झाला, असं खेकडा सांगतो. जत्रेला दीड महिना होता.

त्यांचे दीर भाऊसो शेजारीच राहतात आणि ऊस करतात. टाकी बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "वैनी, हराळी तोडून कवा मरतीय व्हय? तोडली की दसपट हुती!"

"मग काय करू भावजी? औषध मारू?"

"औषधानं मासं बी मरतील. लोकरी माव्यानं आपला ऊस पांढरा झाला तवा फवारं मारून आपुन थकलो. शेवटी मित्रकिडीच सोडल्या न्हवं? किडीला खाणारी कीड. काय रं वसीम, ह्या अवदसंला खाणारं कुणी हाय का न्हाई समुद्रात?"

वसीम डोकं खाजवत म्हणाला, "हाय की काका. एक कोळंबी हाय."

अशी मी आले. वसीमने मला पाण्यात सोडलं, तशा शालूबाई काचेला नाक लावून म्हणाल्या, "आरं वसीम, ही तर सुकट! बाजारात वाट्यानं मिळती की!"

माझा अपमान झाला. पण दुसऱ्याच क्षणी त्या म्हणाल्या, "लय लांबनं आलीय बिचारी. पोटात काय असंल का न्हाई तिच्या?" आणि त्यांनी माझ्यापुढे चिमूटभर दाणे टाकले.

मित्रांनो, इथे मला माझी एक लाजिरवाणी गोष्ट कबूल केली पाहिजे. ते दाणे फार चविष्ट होते. सकाळी दाणे, दुपारी दाणे, दिवा मालवायच्या आधी पुन्हा दाणे. "पाव्हणी हाय," शालूबाई म्हणत आणि हात आखडता घेत नसत. मी दोन आठवडे आयतं खाऊन फुगले. समोर अवदसा डोलत होत्या आणि मी त्यांच्याकडे ढुंकून पाहत नव्हते. उलट माझ्या वाटणीचे उरलेले दाणे खाऊन त्याच बाळसं धरत होत्या. खेकडा मला टोमणे मारायचा. मी त्याला म्हणायची, "तू तुझा शंख सांभाळ."

एका सकाळी भाऊसोंनी शालूबाईंचा हात टाकीवर पाहिला. "वैनी! मांजराला दूध पाजून पाजून माजवलं तर उंदीर कोण धरंल?"

"मग काय उपाशी ठिवू तिला?" शालूबाई ताडकन म्हणाल्या. "माझ्या दारातनं भाकरीबिगर कुणी गेलं न्हाई आजवर. खुरपायला आलेल्या बायकांना बी आदी च्या द्यायची मी, मग वाफ्यात लावायची."

"आवं, तिची भाकर दगडावर वाढून ठिवलीया! तुमी तिला ती खाऊ दीना झालाय."

शालूबाईंनी हात मागे घेतला. वसीमला फोन केला, तर तोही तेच म्हणाला. नवरानवरीला चिमटीत मोजून दाणे द्यायचे, तेही अगदी तोंडाजवळ, आणि मला काहीच नाही. डबा बंद करताना शालूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "माफ कर गं बाई," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मला तेव्हा ते पाणी दिसलं नाही, फक्त बंद डबा दिसला. पहिले दोन दिवस मी रागाने धुमसत होते. तिसऱ्या दिवशी भुकेने डोळ्यांपुढे अंधारी आली. तेव्हा एका बारक्या अवदसेला चिमटा घेतला. चव म्हणाल तर जरा झणझणीत. पण खरं सांगू? हीच माझी भाकरी होती. दाण्यांनी मला तिचा विसर पाडला होता. मग मी थांबले नाही. टाकीचा दिवा मालवला की मी कामाला लागे आणि सकाळी शालूबाई चहा घेऊन येत तेव्हा दगडाचा एखादा कोपरा मोकळा झालेला असे. "भावजी, धावा! दगूड दिसाय लागला!" त्या ओरडत. मी दगडाआडून ऐकत असे आणि मिशा परजत असे. कौतुक कुणाला नको असतं?

तीन आठवड्यांत सपाट शिळेभोवतालच्या सगळ्या बारक्या अवदसा मी संपवल्या. उरली एकच, सगळ्यांची आई, माझ्याहून मोठी. तिच्या अंगावर मी गेले आणि तिने असा डंख मारला की माझी मिशी तुटली आणि एक पाय लुळा पडला. जत्रा चार दिवसांवर आली होती.

आम्हा कोळंब्यांचं एक बरं असतं. अंग दुखावलं, आखडलं की आम्ही जुनं कवच उतरवून ठेवतो. साप कात टाकतो तसंच. आधीच्या माझ्या काती खेकडा गुपचूप खाऊन टाकत असे, म्हणून शालूबाईंनी एकही पाहिली नव्हती. या वेळी कात वाहत जाऊन पुढच्या काचेला टेकली. मिशा, पाय, डोळ्यांच्या खोबणी, सगळं जसंच्या तसं, आणि आत कुणी नाही. मी मागच्या कपारीत पडून होते. नवं अंग सायीसारखं मऊ असतं. अशा वेळी बाहेर येणं म्हणजे कुणाच्याही तोंडात जाणं.

सकाळी शालूबाईंच्या हातातली कपबशी खळकन फुटली.

"मेली! भावजी, उपाशी मारली मी तिला!" भाऊसो धावत आले, तर त्या टाकीसमोर फरशीवर बसून रडत होत्या. "केवढ्या लांबनं आली हुती. काम हुईस्तवर राबवली आन् पोटाला दाणा दिला न्हाई. माझ्याच घरात उपाशी मेली गं!"

"वैनी, एका कोळंबीपायी..."

"कोळंबी काय आन् माणूस काय! उपास सारखाच की." त्यांनी ती कात अलगद काढून तळहातावर घेतली आणि वसीमला फोन लावला. "बादल्या घिऊन ये. मासं घिऊन जा. मला न्हाई ठिवायची ही टाकी. जयराजची वाट बघत न्हाई मी."

मी कपारीत ऐकत होते. मित्रांनो, मला रडता येत नाही आणि ओरडताही येत नाही. पण त्या दिवशी दोन्ही यावं असं फार वाटलं. माझ्यासाठी असं रडणारं या जगात दुसरं कोण होतं? नर्सरीत आम्हाला मोजणारे होते. रडणारी ही एकटीच होती.

दुपारी वसीम आला. त्याने बाही वर सारून टाकीत हात घातला. नवरी त्याच्या जाळीत सापडली, नवरा बावरून गरगर फिरू लागला. कपारीतच राहिले असते तर मी सुखरूप होते. पण ती दोघं गेली की टाकी गेली आणि शालूबाईंच्या जिवाला मात्र ती टोचणी कायमची राहिली असती. मी मऊ अंगाने, लुळ्या पायाने बाहेर पडले आणि सरळ वसीमच्या मनगटावर चढले. त्याच्या नखाशी कुरतडू लागले.

वसीम दचकला आणि मग हसतच सुटला. "मावशी! आवं मावशी, रडताय कुणासाठी? ही बघा, जित्ती हाय! तुमच्या हातात हाय ती नुसती कात हाय!"

शालूबाई उठल्या. एकदा तळहाताकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नवं लुगडं नेसून आली व्हय गं बया? सांगायचं तरी!" आणि पुन्हा रडू लागल्या. या वेळचं रडणं वेगळं होतं. वसीमने नवरीला जाळीतून परत पाण्यात सोडलं.

जयराज जत्रेला आला. नवरानवरी त्यांच्या शिळेवर परतली होती. मोठी अवदसा ज्या दगडावर होती तो दगड त्याने न तोडता, न खरवडता अख्खा बाहेर काढला आणि उन्हात वाळवला. टाकी बंद करायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. शालूबाईंनी डबा उघडला, पहिला दाणा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "जेव आता. तुझं काम झालं." त्या दाण्याची चव आधीच्या सगळ्या दाण्यांहून वेगळी होती.

मित्रांनो, तुमच्या शेतात, परसात माझ्यासारखे पुष्कळ राबत असतात. मावा खाणारे ढालकिडे, डास टिपणारे बेडूक, उंदरांमागे हिंडणारं घुबड. त्यांना उगाच लाडावू नका आणि काम झालं म्हणून हाकलूनही देऊ नका. शालूबाईंना जेवढी माझी काळजी वाटली, तेवढी त्यांचीही वाटू द्या.

ती कात शालूबाईंनी टाकली नाही. जयराजचं जावळ ज्या डबीत जपून ठेवलं आहे, त्याच डबीत ठेवली. नंतरच्या कातीही खेकड्याच्या तावडीतून वाचतील तेवढ्या त्या गोळा करतात. आता सतरा झाल्या आहेत. दर वेळी त्या आधी कात हातात घेतात, मग दगडाआड मला शोधतात आणि मी दिसले की म्हणतात, "हाय गं, हाय."

एक दिवस मी दगडाआड सापडणार नाही. काचेशी जे टेकलेलं असेल ते रिकामं नसेल. त्या दिवशी शालूबाई पुन्हा फरशीवर बसतील, मला माहीत आहे. तुमच्यापैकी कुणी इस्लामपूरला असाल तर माझं एवढं काम करा. त्यांच्याजवळ बसा आणि सांगा, की ती म्हातारी होऊन गेली, शालूबाई. उपाशी गेली नाही.