पंख्याला आजोबा म्हणणारी

डोळे मिटा बरं. झोपायचं नाही हं, नुसतं डोळ्यांपुढे आणायचं. समजा, तुमची एक गोष्ट आहे आणि ती फक्त घरच्यांनाच ठाऊक आहे. म्हणजे, अंधारात मोरीत जाताना तुम्हाला अजून कुणाचा तरी हात धरावा लागतो, असलं काहीतरी. आणि एके दिवशी तीच गोष्ट ठळक अक्षरांत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी लिहिलेली तुम्हाला दिसली. कसं वाटेल? तेवढं लक्षात ठेवा आणि आता माझ्याबरोबर एका सरकारी कचेरीत चला.

या कचेरीत मुलांचे कान तपासत. ज्यांना कमी ऐकू येई त्यांना कानामागे लावायचं यंत्र देत. आता तपासायचं म्हटलं की नाव, पत्ता, दुखणी, घरात कोण कुणाशी कसं बोलतं, सगळंच विचारावं लागतं. ही माहिती नको त्याच्या कानावर जाऊ नये, हे पाहायला एक बाई नेमलेल्या होत्या. हुद्दा भारदस्त होता, गोपनीयता अधिकारी. पण कचेरीत सगळे त्यांना झाकणबाई म्हणत. कपाट उघडं दिसलं की बाई कुलूप घालून किल्ली खिशात टाकणार. जिन्यात कुणी एखाद्या मुलाचं नाव घेऊन बोलू लागलं की बाई मागून खाकरणार.

शेजारच्या खोलीत प्रसिद्धी विभागाचे साहेब बसत. त्यांचं नाव पडलं होतं डंकासाहेब. यांचं काम वाजवायचं, बाईंचं झाकायचं, आणि मधे एकच पातळ भिंत. तरी दोघांचं बरं जमे. दुपारचा डबा खायला ते एकत्रच बसत.

बाईंना एक मुलगी होती. एका जागी कधी टिकायची नाही, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. भिंगरीच्या कानामागेही असंच यंत्र होतं, पण त्यावर केस असे सोडलेले की वर्गात कुणाला पत्ता नव्हता. यंत्र लागल्यापासून तिला आवाजांचं भारी अप्रूप. ती त्यांची बारशीच करायची. कुकरची शिट्टी म्हणजे रागीट मावशी. वर्गातला पंखा म्हणजे घोरणारे आजोबा. ही नावं तिने वर्गातही चालवली होती, आणि पंखा सुरू झाला की मैत्रिणी पोट धरधरून हसायच्या. भिंगरीला हे सुचतं कसं, एवढंच कुणाला माहीत नव्हतं.

आईचंच मन ते. डबा खाता खाता बाई एकदा कौतुकाने हे सगळं सांगून बसल्या. डंकासाहेब घास हातात धरून ऐकत राहिले. कचेरीच्या दालनात त्यांना मुलांच्या गोष्टींचे फलक लावायचे होते, आणि अशीच एखादी गोष्ट ते शोधत होते. त्यांनी ती झकास लिहून काढली आणि बाकीच्या गोष्टींबरोबर बाईंकडे तपासायला आणली. बाईंनी चष्मा पुसला आणि नेहमीच्या शिस्तीने पाहिलं. नाव नाही. शाळा नाही. घर, वय, फोटो, काही नाही. नियमात अगदी चोख. बाईंनी सही ठोकली.

शाळा सुटली की भिंगरी आईच्या कचेरीत यायची. त्या दिवशी ती आली तर दालनात फलक मांडून झालेले. दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं आणि शाळाशाळांतली मुलं पाहायला येणार होती. भिंगरीचा वर्गही येणार होता. ती वाचत वाचत एका फलकापाशी थांबली आणि इतकी गप्प झाली की शेवटी बाईच तिला शोधत आल्या.

"आई, ही मीच आहे," भिंगरी म्हणाली.

बाई तिच्याजवळ उकिडव्या बसल्या. त्यांनी समजावलं की बाळा, यात तुझं नाव कुठेच नाही, शाळेचंही नाही, असं यंत्र कितीतरी मुलींना असतं, कुणाला कळायचं नाही.

"नाव कशाला हवं? पंख्याला घोरणारे आजोबा कोण म्हणतं, ते सगळ्या वर्गाला माहितीये." तिचा हात आपसूक कानावरच्या केसांकडे गेला. "उद्या सगळे माझे केस बाजूला करून बघतील."

माणूस नावाशिवायही ओळखू येतो, हे बाईंना काय ठाऊक नव्हतं? दुसऱ्यांना तर त्या हेच शिकवत. पण पोरीची गोष्ट त्यांना इतकी आपली वाटली होती, की ती आपली नाही, पोरीची आहे, हे ध्यानातच आलं नव्हतं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "ही गोष्ट तुझी आहे. मी आधी विचारायला हवं होतं. आता विचारते. ठेवू की काढू?"

"काढ." मग आईच्या तोंडाकडे पाहून तिने हळूच विचारलं, "तुला रागावतील?"

"रागावू देत."

फलक काढायचा म्हटल्यावर डंकासाहेबांनी कपाळाला हात लावला. मधेच जागा रिकामी दिसेल, वरचे साहेब फीत कापायला येणार, आणि सही तर बाईंचीच. त्यांनी बरीच विनवणी केली, आणि ती लागू पडेना तेव्हा टोमणा मारला. "झाकणबाई, लेकीवर आलं तेव्हा बरं आठवलं. दुसऱ्याची पोर असती तर?"

टोमणा वर्मी बसला होता.

"दुसऱ्याची असती तर मला कळलंच नसतं, साहेब," त्या म्हणाल्या. "सही माझी, तेव्हा बोलणीही मीच खाते."

आणि त्यांनी तिथूनच वरच्या साहेबांना फोन लावला. पलीकडून बरंच ऐकवलं गेलं असावं, कारण बाई नुसतं "हो साहेब, चूक माझीच" एवढंच म्हणत होत्या. त्यांचे कान लाल झाले होते. शेवटी तो एक फलक काढायची परवानगी मिळाली. डंकासाहेबांनी मुकाट्याने तो स्टँडवरून उतरवला आणि भिंगरीला विचारून कपाटामागे ठेवून दिला.

बाई घरी जायला म्हणून लेकीचा हात धरायला वळल्या. पण भिंगरी शेजारच्या फलकापुढे उभी होती. त्यावर एका मुलाची गोष्ट होती. टाळ्या वाजल्या की तो टेबलाखाली लपायचा.

"याला विचारलं होतं का?" भिंगरीने विचारलं.

बाईंनी डंकासाहेबांकडे पाहिलं. डंकासाहेबांनी बाईंकडे पाहिलं. त्याच्या वडिलांना विचारलं होतं, असं डंकासाहेब जरा चाचरतच म्हणाले.

भिंगरीने दप्तर खांद्यावरून काढून खाली ठेवलं. फलकाच्या कडेला दोन्ही हात घातले आणि तो भिंतीकडे तोंड करून फिरवू लागली. फलक तिच्याहून उंच होता, तिला काही आवरेना. मग डंकासाहेब खाली वाकले आणि त्यांनी दुसरी कड धरली. तो नीट फिरला हे पाहून भिंगरीने हात झटकले, आणि ती त्याच्या पुढचा फलक वाचायला लागली.