लाल रंगाची सहा पिल्लं

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साल. त्या घरात पिल्लं यंत्रातून निघायची, कोंबडीखालून नाही. मागच्या लांब खोलीत उबवणीची तीन यंत्रं होती आणि त्यांच्यावर नजर ठेवायला पारामामा. त्याचं खरं नाव सगळे विसरले होते. जेवतानाही तो तापमापकातल्या पाऱ्याबद्दलच बोलायचा. एखादी कोंबडी अंडी द्यायची थांबून उबवायला खुडूक बसली, की तो तिला तारेच्या टांगत्या पिंजऱ्यात टाकायचा. चार दिवसांत पोट थंड पडायचं, खूळ उतरायचं आणि ती पुन्हा अंडी द्यायला लागायची.

एका करड्या कोंबडीला मात्र घरच्या सुनेने पिंजऱ्यात टाकू दिलं नाही. तिची स्वतःची लेक सात महिन्यांची होती आणि सासूबाईंच्या खोलीत झोपायची. बाळंतपणानंतर सून दोन महिने तापाने अंथरुणाला खिळली, तेव्हा सासूबाईंनी नातीला उचललं, घड्याळ लावून बाटलीने वाढवलं. ताप गेला, पाळणा काही परत आला नाही. आता आईने हात पुढे केले की पोर आजीच्या खांद्यात तोंड खुपसायची.

"आई, हिला बसू द्या," सून म्हणाली. "आपली पिल्लं आपण वाढवेल ती."

लेकी बोले सुने लागे, ही म्हण त्या दिवशी उलटी फिरली. सासूबाईंना बरोबर लागलं.

"तिला काय अक्कल? पायाखाली चेंगरेल," त्या म्हणाल्या. "पण बसव. महिनाभर सगळी जगवली तिने, तर पाळणा तुझ्या खोलीत. नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"वहिनी, तिला पारा कुठून दिसणार हो?" पारामामा हसला.

एकविसाव्या दिवशी नऊच्या नऊ अंडी फुटली. कोंबडी घुटूघुटू करत पिल्लांना अंगणभर हिंडवू लागली आणि पाच दिवस सुनेचे पाय काही जमिनीवर ठरले नाहीत.

सहाव्या दिवशी यंत्रातली चारशे पिल्लं त्याच अंगणात यायची होती. पिल्लं मिसळू नयेत म्हणून प्रत्येक खेपेला वेगळा रंग लावायचा, ही तिथली रीत.

"तुमच्या नऊंना कुठला, वहिनी?"

"लाल! लांबून दिसायला हवीत माझी."

तिने एकेक पिल्लू हौसेने ओंजळीत धरून डोक्यापासून शेपटीपर्यंत रंगवलं. सहा झाली आणि रंगाची बाटली संपली. सहाही तिने कोंबडीपुढे सोडली आणि दुसरी बाटली आणायला गेली. पाच मिनिटंही झाली नसतील.

परत आली तर अंगणात चिवचिव नव्हती. चार लाल पिल्लं मातीत पडली होती, टाळकी फुटलेली. पाचवं पाय झाडत होतं. सहावं जीव वाचवायला आईच्याच पोटाखाली शिरू पाहत होतं आणि कोंबडी पंख फुलवून त्याला टोचत होती. सुनेने झेप घातली. हातात आलं ते गरम होतं, पण मान लुळी पडली होती. पाचव्याचे पायही थांबले. तिच्या बोटांवर रंग कुठला आणि रक्त कुठलं, कळेना.

"आईच मारते?" दारातून पारामामाचा आवाज आला.

सासूबाई नातीला कडेवर घेऊन आल्या. सुनेने मान खाली घातली. पैज गेली होती.

तेवढ्यात कोंबडीच्या पंखाखालून एक पिवळं डोकं बाहेर आलं. मग दुसरं. मग तिसरं. न रंगवलेली तिन्ही पिल्लं तिथे उबेत सुखरूप होती.

सासूबाई त्या तिघांकडे वाकल्या. मग म्हणाल्या, "रंगवलेली ओळखलीच नाहीत गं तिने. आपण ओळखू येऊ दिली नाहीत."

त्यांनी नातीला सुनेच्या मांडीवर ठेवलं. पोरीने टाहो फोडला, आजीकडे हात पसरले. सासूबाईंचे हात पुढे आले. ते त्यांनी ओढून पाठीमागे बांधले.

"रडेल दोन-चार दिवस. पण मला हाक मारू नकोस. मारलीस, तर मी येईन."

पाळणा त्यांनी स्वतः ओढत नेला.

पोर अकरा दिवस रडली. सुनेने हाक मारली नाही. पारामामाने नजर अधू होईपर्यंत यंत्रं सांभाळली, पण लाल बाटली पुन्हा आणली नाही. करडीने तिन्ही पिल्लं वाढवली. त्यातला एक कोंबडा पुढे पारामामाच्याच मागे लागायचा. सासूबाई वयाच्या नव्वदीत गेल्या, नातीचा हात धरून. ती नात आज दोन मुलांची आई आहे. सून आता स्वतः आजी झाली. नातवंडाला उचलण्याआधी ती अजून स्वतःचे तळहात उलटसुलट करून बघते, कुठे लाल लागलेलं नाही ना.