घडीची खूण

कानसेन मामा एवढंच म्हणाले, "दाबलेला आवाज मेलेला लागतो," आणि एकोणीसशे फिती कचऱ्याच्या वाटेला लागल्या.

झालं असं की ध्वनिसंग्रहाची जुनी इमारत महिनाअखेर खाली करायची होती. तळघरातल्या फिती चिकटायला लागलेल्या. त्यांतला आवाज डिस्कवर उतरवायचा, फिती टाकून द्यायच्या, असं ठरलं. डिस्क मोजक्याच. आवाज मोकळा ठेवला तर जेमतेम अर्ध्या फितींना जागा. मामांची भाची गेली अकरा वर्षं त्या तळघरात राबत होती, म्हणून तिला सगळे फीतबाई म्हणायचे. तिने तोड काढली होती: डिस्कवर आवाज आकड्यांत उतरतो, त्यातला एकही आकडा न गमावता तो कमी जागेत दाबून ठेवायची रीत आहे, तशा ठेवू, सगळ्या मावतील. पण संग्रहाच्या साहेबांना मामांचा, एवढ्या तयार कानाच्या माणसाचा, शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांनी 'महत्त्वाच्या' फितींची यादी केली. मोठे गवई राहिले, पुढाऱ्यांची भाषणं राहिली. सुईणी, खाणकामगार, होडीवाले गेले.

फीतबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती थेट मामांसमोर जाऊन उभी राहिली.

"मामा, घडी घातली म्हणून चादर तोकडी होते का?"

"तोकडी होत नाही. घडीच्या खुणा राहतात."

"ही आकड्यांची घडी आहे. उलगडली की होती तशी."

"तुझ्या कानांना तसं वाटत असेल. ते कान मीच तयार केलेत, पोरी. किती पाण्यात आहेत ते मला ठाऊक आहे."

"मग बसा परीक्षेला," ती म्हणाली. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण मामा हसत खुर्चीत बसले. परीक्षेला घाबरतील ते मामा कसले.

साहेबांनी नाणं उडवायचं, पडेल त्याप्रमाणे फीतबाईने काचेआडून दाबलेला किंवा मोकळा आवाज लावायचा, मामांनी कागदावर खूण करायची. दहा वेळा. मामांनी दहापैकी नऊ बरोबर सांगितले.

साहेबांनी यादीची फाइल मिटली. फीतबाईचं तोंड एवढंसं झालं. आपण अकरा वर्षं बहिऱ्याच होतो की काय, असं तिच्या मनात आलं, आणि तिला स्वतःचीच भयंकर लाज वाटली. पण एक गोष्ट काही केल्या डोक्यातून जाईना. दाबलेला आवाज लावला की मामांची पेन्सिल हलायची ती आवाज यायच्या आधी. आधी! कळ दाबल्याचा टक् झाला, पुढे जरा शांतता गेली, की मामा लिहून मोकळे.

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. आपलं हे म्हातारं यंत्र दाबलेला आवाज उलगडायला क्षण-दोन क्षण जास्त घेतं. रोज त्याच्याशी काम करून तिला त्याची इतकी सवय झाली होती, की परीक्षा मांडताना ते ध्यानातच आलं नाही. मामांनी आवाज ओळखलाच नव्हता. त्यांनी उशीर ओळखला होता, आणि तेही बिचाऱ्यांना स्वतःला माहीत नव्हतं.

साहेब दारापर्यंत पोचले होते. ती दारात आडवी झाली.

"पुन्हा घ्यायची परीक्षा. माझी मांडणी चुकली होती."

"बाई, हरल्यावर नियम बदलायचे नसतात."

"मग मला कामावरून काढा, पण परीक्षा झाल्यावर. तोवर मी इथून हलणार नाही."

"घेऊ दे तिला," मामा मागून म्हणाले. "हौस फिटू दे."

या वेळी तिने आवाज कमी-जास्त करायची पट्टी पार खाली ओढून ठेवली. कळ दाबायची, मनात पाचपर्यंत मोजायचं, मगच पट्टी वर. पहिल्याच खेपेला मामांची पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथेच अडली. दुसऱ्या खेपेला त्यांनी खूण केली, खोडली. पुढे त्यांनी डोळे मिटून घेतले. काचेतून तिला त्यांची मान दिसत होती, आणि त्या मानेकडे बघून तिला जिंकल्याचा आनंद काही होईना. या माणसाने तिला ऐकायला शिकवलं होतं.

दहाव्या आवाजानंतर मामांनी कागद पुढे सरकवला. दहाही रकाने कोरे. खाली त्यांची ठसठशीत सही.

"हे कोरंच आहे," साहेब म्हणाले.

"कळलं नाही, म्हणून कोरं. अंदाजाने लिहायची मला सवय नाही."

"तरीपण यादी वर गेली आहे. परवानगी आल्याशिवाय..."

फीतबाईने त्यांचं ऐकूनच घेतलं नाही. गाळलेल्यांच्या खोक्यातली सगळ्यात वरची फीत तिने उचलली, कुणा सुईणीची, आणि यंत्रावर चढवायला घेतली. फीत चिकटलेली. तिने रागाने टोक ओढलं.

"तुटेल ती. दे इकडे," मामा उठून आले. त्यांनी नखाने फितीचं टोक अलगद सोडवलं. मग मान वर न करता म्हणाले, "साहेब, माझं नाव सांगून या माणसांना बाहेर काढलंत ना? आता माझंच नाव सांगून आत घ्या."

फीत फिरायला लागली. फीतबाईने आवाज दाबून साठवायची कळ दाबली, साहेबांच्या देखत.