घोंगडीला पिन

सोलापुरात सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत माझं घर आहे. दर रविवारी गल्लीतली मुलं माझ्या गच्चीवर जमतात आणि एकेकजण एकेका देशाची ओळख करून देतो.

सोनम सांगोल्याकडची. घरची मेंढरं, पण यंदा वडील चिंचोळी एमआयडीसीत कामाला लागले, म्हणून ती शहरात आली. पहिल्याच रविवारी तिच्या तोंडून ‘हाय’, ‘न्हाय’ निघालं आणि मुलं हसली. त्यानंतर तिनं इथं तोंड उघडलं नव्हतं. शाळेतही गप्पच असते, असं तिची आई काळजीनं सांगत होती. म्हणून लेसोथो हा मेंढपाळांचा देश मी मुद्दाम तिला दिला.

आज ती आजोबांना, ज्ञानबांना, घेऊन आली. त्यांची घोंगडी तिला दाखवायची होती. उभी राहून तिनं पाठ केलेलं सुरू केलं.

“लेसोथो हा आफ्रिकेतील एक लहान भूवेष्टित देश आहे. त्याच्या... त्याच्या...”

पुढचं आठवेना. डोळे भरून आले.

“घोंगडी दाखव की,” मी म्हणालो.

तिनं ती पांघरली, खांद्याशी टोकं जुळवली आणि लावायला पिन काढली.

“ए पोरी!” ज्ञानबा ओरडले. “घोंगडीला टोचतीस व्हय? भोक पडंल की!”

“आबा, तितली मान्सं अशीच पांघरत्यात!”

“मग त्यांच्या घोंगडीला टोच जा. माज्याला न्हाय.”

मुलं खदखदून हसली. सोनमलाही हसू फुटलं आणि त्या भरात ती बोलत सुटली.

“आवो, सगळा देशच डोंगरावर हाय. लई थंडी, बर्फ पडतंय. मेंढरामागं जानारा बी ब्लँकेट पांघरतोय आन् राजा बी! चारी बाजूंनी एकच देश, दक्षिण आफ्रिका. भेटलं की ‘खोत्सो’ म्हनत्यात, म्हंजी शांती.”

“समुद्र नाही तिथं?” अजिंक्यनं विचारलं.

“न्हाय. सोलापुरात तरी कुटं हाय?”

“आणि पाऊस आला तर?”

“तितलं ठाव न्हाय. आमी खोळ करतो.” तिनं घोंगडी दुमडून डोक्यावरून घेतली.

“‘पांघरत्यात’ नाही गं,” वैष्णवी म्हणाली, “‘पांघरतात’ म्हणायचं.”

मी काही बोलणार, तोच सोनम तिच्याकडं वळली.

“तुजी पाळी आली की तू म्हन तसं. माजं अजून झालं न्हाय.”

आणि तिनं तिथल्या शेळ्यांच्या लोकरीचं सांगायला घेतलं.